कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं

आधी एक खुलासा. पुढे ज्या ताई येतात त्या एकच बाई नाहीत. तालुक्याच्या गावी मी फिजिशियन म्हणून बसतो, तिथल्या दोन-तीन जणींचे केसपेपर शेजारी ठेवून हे प्रकरण जुळवलं आहे. त्यामुळे कुणी ओळखायला जाऊ नये. चूक मात्र माझीच आहे, तिच्यात भेसळ नाही.

ताई पहिल्यांदा आल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. वय ५२, वाई तालुक्यातलं गाव, दोन एकर हळद आणि एक म्हैस. काय होतंय म्हणून विचारलं तर काही न बोलता त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. मनगटात दोनच हिरव्या बांगड्या, त्याही एक माप मोठ्या. ‘कासार म्हणला, हात दाबला की वरडताय तुम्ही, मी न्हाई भरत.’ मूठ वळली की बोटांच्या मुळाशी चार टेकड्या आणि मधल्या दऱ्या दिसतात. ताईंच्या हातात दऱ्या भरून आल्या होत्या. दोन्ही हातांत, सारख्याच. सकाळी उठल्यावर दोन तास अंगठा वळत नाही, धार काढता येत नाही. ऊन चढलं की जरा सैल पडतं. भाकरी दोन वर्षांपासून सून थापते. हे सगळं सात वर्षांपासून.

निदानाला फार डोकं लावावं लागलं नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला बहुतेक जण आमवात म्हणतात तो. १४ सांधे सुजलेले, ईएसआर ८६, सीआरपी ४२ (शरीरात दाह, म्हणजे सूज आणणारी आतली आग, किती पेटली आहे ते सांगणारे रक्तातले आकडे), आमवाताची खूण असलेली अँटी-सीसीपी तपासणी भरपूर पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन ९.२. उपचार काय चालू आहेत, यावर नवऱ्यानं खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची चौकोनी पुडी काढली. आत दोन पांढऱ्या अर्ध्या गोळ्या आणि एक पिवळी. आठवडी बाजारात एक जण देतो, चार वर्षं चालू. पुडीत काय आहे हे लॅबला न पाठवताही ताईंच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं: गाल गोल, हाताची कातडी पातळ, त्यावर जांभळे डाग. स्टेरॉइड आणि वेदनाशामक. पुडी घेतली की तासाभरात बरं वाटतं, ते त्यामुळेच. आणि ती एकदम बंद केली की माणूस गळून पडतो, कधी जिवावर बेततं, कारण इतकी वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते.

त्या दिवशीच्या रिपोर्टात आणखी एक ओळ होती. तिच्यावर मी नजर फिरवली आणि पुढे गेलो. एलडीएल ७८. वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते. रक्तदाब १३८/८६, उपाशीपोटी साखर १०४. तंबाखू? ‘न्हाई.’ मी कागदावर ‘हृदय: विशेष नाही’ असं लिहिलं.

पुडीच्या जागी मोजून मापून प्रेडनिसोलोन दिलं, तेही स्टेरॉइडच, पण हळूहळू कमी करायच्या बोलीवर. सोबत आमवात मुळातून दाबणारी दोन औषधं: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट देताना मी वार ठरवून देतो आणि तोच वार पेशंटकडून तीनदा वदवून घेतो, कारण आठवड्याची गोळी कुणी रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात. ताईंनी गुरुवार निवडला, दत्ताचा वार म्हणून. फॉलिक ॲसिड रविवारी.

मे महिन्यात त्या आल्या त्या हसतच. सीआरपी ९ वर आलं होतं, सुजलेले सांधे चार. भाकरी थापायला लागल्या होत्या. आणि एलडीएल ७८ वरून ११४ वर गेलं होतं.

हा आकडा माझ्याआधी त्यांच्या भाच्यानं वाचला. तो मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असतो, रिपोर्टातली ठळक अक्षरं त्याला कळतात. ‘मावशी, या औषधानं तुझं कोलेस्टेरॉल वाढलंय, हार्टला धोका आहे.’ पोरगा काळजीनंच बोलला. ताईंनी मेथोट्रेक्सेट बंद केलं. मला हे कळलं सव्वा वर्षानं.

हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याच आकड्यासाठी, म्हणून इथे जरा थांबतो. शरीरात दाह पेटलेला असतो तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली जातं. दाह चालवणारी रसायनं, मुख्यतः टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६, यकृताचा चरबी हाताळण्याचा सगळा कारभारच बदलून टाकतात. एलडीएल कमी दिसतं, चांगलं समजलं जाणारं एचडीएलही कमी होतं, आणि जे एचडीएल उरतं ते धमनीतली चरबी ओढून नेण्याचं आपलं काम धड करत नाही. उपचारानं दाह विझला की दोन्ही आकडे मूळ जागी येतात. म्हणजे ताईंचं ११४ हे त्यांचं खरं कोलेस्टेरॉल होतं. ७८ हा आजाराचा आकडा होता. भाच्याला वाटलं औषधानं बिघडवलं. मला फेब्रुवारीत वाटलं होतं की इथे बरं आहे. दोघांनीही तोच रिपोर्ट उलटा वाचला, आणि माझ्या भिंतीवर तर पदवी टांगलेली आहे.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. ताई परत आल्या ऑगस्ट २०२३ मध्ये. मधल्या काळात हळदीचा अख्खा हंगाम, पुन्हा पुडी, शिवाय दर पंधरा दिवसांनी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन. हात पुन्हा भरलेले, सीआरपी ५१. या खेपेला दोन नव्या तक्रारी होत्या. जेवल्यावर छातीच्या खड्ड्यात जळजळ, आणि डावा खांदा ‘लई ठणकतोय, रातचं जास्त’.

दोन्हींना माझ्याकडे तयार उत्तरं होती. इतक्या पुड्या आणि इंजेक्शनं पोटात गेल्यावर ॲसिडिटी होणारच. आमवाताच्या बाईचा खांदा दुखणारच. एलडीएल पुन्हा ८१, म्हणजे ‘नॉर्मल’. मी ॲसिडिटीवरचं पँटोप्राझोल लिहिलं, मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि आठवड्यानं रक्त तपासून या म्हटलं.

तो केसपेपर मी नंतर कितीदा तरी वाचला आहे. त्यावर माझ्याच अक्षरात आहे: ‘डावा खांदा: सूज नाही, हालचाल पूर्ण, वेदनारहित.’ सांध्याचं दुखणं सांधा हलवल्यावर वाढतं, हे एमबीबीएसच्या पोराला विचारलं तरी सांगेल. खांदा मी स्वतः वर नेला, मागे नेला, फिरवला, आणि ताईंचा चेहरा बदलला नाही. म्हणजे दुखणं खांद्यात नव्हतंच. उत्तर मीच लिहून ठेवलं होतं आणि वाचलं नव्हतं. ईसीजीचं मशीन टेबलापासून चार पावलांवर होतं.

नवव्या दिवशी पहाटे पाचला नवऱ्याचा फोन. घाम फुटलाय, दम लागलाय, जबडा आवळल्यासारखा वाटतोय. छातीत दुखतंय का? ‘न्हाई म्हणते.’ ईसीजीत छातीसमोरच्या पट्ट्यांमध्ये एसटी ही रेघ खाली गेलेली, टी लाटा उलट्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारी ट्रोपोनिन तपासणी पॉझिटिव्ह. ॲस्पिरिन चावायला दिली, गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं ॲटोरव्हास्टॅटिन दिलं, १०८ ला फोन करून साताऱ्याला पाठवलं. ॲन्जिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मुख्य धमनी ९० टक्के बंद, बाकीच्या दोन सगळीकडे थोड्याथोड्या खडबडीत. एक स्टेंट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काम झालं, म्हैस विकावी लागली नाही.

छातीत न दुखता झटका कसा, हे नवऱ्याला कोडंच होतं. एक म्हणजे बायकांमध्ये दम, घाम, जबडा, मळमळ अशी आडवळणानं येणारी लक्षणं जास्त. पण आमवातात आणखी एक गाठ बसलेली असते. हृदयाच्या धमनीचं दुखणं ओळखू येतं ते श्रमानं: चढ चढलो, छाती भरून आली, थांबलो, ओसरली. ताई दीड वर्षात चढ चढल्याच नव्हत्या. पावलं सुजलेली, गुडघे धरलेले, घर ते गोठा एवढीच चाल. हृदयाला तक्रार करायची वेळच सांध्यांनी येऊ दिली नाही. आणि जिला रोज दहा ठिकाणी दुखतं, ती अकराव्या जागेचं वेगळं काय सांगणार? सांगितलं तरी ऐकणारा माझ्यासारखा असतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर परिसरात रुग्णांच्या अनेक दशकांच्या नोंदी जपलेल्या आहेत. त्यांवरून २००५ मध्ये जे प्रसिद्ध झालं ते असंच होतं: आमवाताचे रुग्ण छातीत दुखल्याचं कमी सांगतात, पण कळून न आलेले झटके आणि अचानक मृत्यू त्यांच्यात जास्त. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. आमवाताचं निदान होण्याच्या आधीच्या दोन वर्षांतही या लोकांमध्ये झटक्यासाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण तिप्पट होतं. म्हणजे बांगडी अडायच्या आधीपासून धमनीत काम सुरू झालेलं असतं.

काम म्हणजे काय, तर धमनीच्या आतलं अस्तर. ते निरोगी असलं की गुळगुळीत राहतं, गरजेप्रमाणे धमनी सैल करतं, रक्त गोठू देत नाही. सांध्याचं अस्तर कुरतडणारी जी रसायनं, तीच रक्तातून फिरत इथे पोहोचतात. अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी आत शिरतात, चरबीचा थर साठतो. आणि दाहामुळे त्या थरावरचं झाकण पातळ पडतं. झटका बहुधा थर जाड झाल्यामुळे येत नाही, झाकण फाटून त्यावर गुठळी बसल्यामुळे येतो. म्हणून आमवातात थोडक्या चरबीवरही मोठं नुकसान होतं. भरीला ताईंच्या पुडीतलं स्टेरॉइड, जे साखर आणि रक्तदाब वाढवतं, आणि डायक्लोफेनॅक, ज्यानं झटक्याचा धोका वाढतो हे आता पुरेसं सिद्ध झालेलं आहे. याच कुळातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं ते हृदयामुळेच.

धोका मोजायचा कसा, यावर युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं एक सोपा तोडगा दिला आहे: नेहमीच्या तक्त्यातून जो धोका निघेल त्याला दीडनं गुणा. ब्रिटनच्या क्यूरिस्क तक्त्यात तर आमवाताचा वेगळा रकानाच आहे. पण ताईंचं गणित मी नंतर मांडून पाहिलं. वय ५२, बाई, तंबाखू नाही, कोलेस्टेरॉल कमी. उत्तर इतकं लहान आलं की दीडनं गुणलं तरी लहानच राहिलं. तक्त्यात जे आकडे भरायचे तेच आजारानं खाली ओढलेले असतील, तर गुणून काय होणार?

शिवाय त्यातला ‘तंबाखू नाही’ही खोटा निघाला. आयसीयूतून बाहेर आल्यावर सून म्हणाली, ‘आईंना मिश्री लावायला पायजे, त्याबिगर डोकं धरतं त्यांचं.’ तव्यावर काळी भाजलेली तंबाखूची पूड, दिवसातून तीनदा हिरड्यांवर, गेली ३५ वर्षं. ताईंनी मला फसवलं नव्हतं. आमच्याकडे तंबाखू म्हणजे बाप्यांनी मळून खायची. मिश्री म्हणजे दात घासणं. प्रश्नच मी चुकीच्या शब्दात विचारला होता. आता थेट विचारतो: ‘मिश्री किती वेळा?’

घरी आल्यावर वेगळाच घोळ. नातेवाइकांत बातमी पसरली की ताईंचा व्हॉल्व्ह गेलाय. कारण गावात एका बाईचा ‘संधिवातानं’ व्हॉल्व्ह गेला होता आणि तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. हा गोंधळ आपल्या भाषेतच आहे. लहानपणी घसा सुजतो, मग ताप येऊन सांधे एकामागून एक धरतात, तो ऱ्हुमॅटिक ताप. सांधे महिन्याभरात कोरे होतात, झडप मात्र वर्षानुवर्षं आकसत जाते. सांध्याला चाटतो आणि हृदयाला चावतो असं त्याच्याबद्दल शिकवतात. ताईंचा आजार तो नव्हे. यात सांधे सुटत नाहीत, आणि हृदयाला धोका मुख्यतः धमन्यांतून. दोन्हींना आपण संधिवातच म्हणतो. ताईंच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा चांगल्या होत्या. पुढची भिंत मंद हलत होती, हृदयाची पंपिंगची ताकद ४५ टक्के, आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत बोटभरही नाही इतकं पाणी. हे पाणी मात्र आमवाताचंच. पुष्कळांना असतं, बहुतेकांना कधी जाणवत नाही. त्यावर वेगळं काही करावं लागलं नाही.

डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधं होती. आमवाताबद्दल दोन शब्द: ‘जुना संधिवात’. आणि नवव्या क्रमांकावर, दुखल्यास घ्यायची म्हणून, वेदनाशामक गोळी. स्टेंट टाकणाऱ्यानं स्टेंट उत्तम टाकला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना वरून असली गोळी म्हणजे पोटात रक्तस्राव आणि हृदयाला पुन्हा ताण. त्यातही आयब्युप्रोफेन असेल तर ते ॲस्पिरिनलाच आडवं येतं. ती ओळ मी खोडली. दुखल्यावर पॅरासिटामॉल. ज्या पँटोप्राझोलवर मी ऑगस्टमध्ये चूक केली होती ते आता खरोखरच गरजेचं झालं होतं, जठर सांभाळायला. ॲटोरव्हास्टॅटिन ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे तर कशाला’ असं भाच्यानं विचारलं, तेव्हा त्याला खुर्ची दिली आणि वरचा ७८ आणि ११४ चा हिशोब कागदावर काढून दाखवला. पोरगा हुशार आहे. त्यानंतर त्यानंच पुड्या गोळा करून संडासात टाकल्या. अर्थात त्याआधी आम्ही प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅमवर बसवलं होतं.

आता खरा प्रश्न आमवाताचा होता, कारण दाह पेटलेला ठेवून स्टेंटवर विसंबणं म्हणजे एका हातानं विझवत दुसऱ्यानं रॉकेल ओतणं. ॲन्जिओग्राफीत टोचलेल्या डायनंतर मूत्रपिंडांची खबर देणारं क्रिएटिनिन तपासलं, ते ठीक निघाल्यावर मेथोट्रेक्सेट पुन्हा गुरुवारी. दोन महिन्यांनी सीआरपी २२. पुरेसं नाही. पुढे काय, यावर सगळ्यात सोपं होतं टोफासिटिनिब: इंजेक्शन नाही, गोळी आहे, आपल्याकडे जेनेरिक झाल्यापासून परवडते, आणि सांध्यांवर काम चोख करते. भाच्याच्या दुकानातही होती. पण पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांमध्ये टीएनएफ रोखणाऱ्या औषधांशी तिची तुलना झाली, तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटके आणि कर्करोग या गोळीवर जास्त दिसले. ताई म्हणजे त्या अभ्यासातल्या नको त्या रुग्णाचं चित्रच. ती बाद. टीएनएफ रोखणारं इंजेक्शन चाललं असतं. हृदय फारच अशक्त असेल तर ती टाळतात, ताईंचं तितकं नव्हतं. त्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते, ती केलीही. पण दर महिन्याचा खर्च ऐकून नवरा नुसता जमिनीकडे बघत राहिला. म्हणून जुनी, स्वस्त तिकटी: मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. शेवटच्या गोळीनं ईसीजीतलं एक अंतर लांबू शकतं, म्हणून दोनदा ईसीजी काढून ते मोजलं आणि मगच पुढे गेलो.

दाह विझवला की हृदय वाचतं का, हे विचारणारे डॉक्टर मित्र दोन अभ्यास समोर ठेवतात. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या औषधानं, कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करून, आधी झटका येऊन गेलेल्यांमध्ये पुढचे झटक्या-पक्षाघातासारखे प्रसंग १५ टक्क्यांच्या आसपास घटवले. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटचा तसाच प्रयोग फसला. पण त्या दुसऱ्या प्रयोगातल्या लोकांना आमवात नव्हता, त्यांचं सीआरपी मुळातच साधारण दोनच्या आत होतं, आणि औषधानं ते हललंही नाही. जिथे आग नाही तिथे पाणी ओतून काय सिद्ध होणार? ताईंचं ५१ होतं. आमवाताच्या रुग्णांत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना हृदयाचे प्रसंग कमी होतात, असं निरीक्षणांतून दिसतं. पक्का पुरावा नाही, पण सांध्यांसाठी ते द्यायचंच आहे, तर वाद घालण्यात माझा वेळ जात नाही.

मार्च २०२४ मध्ये सीआरपी ५ वर आलं. प्रेडनिसोलोन अडीच मिलिग्रॅम. एलडीएल ५२, आणि या वेळी ते स्टॅटिनमुळे कमी आहे, दाहामुळे नव्हे, हे भाच्यानं मला सांगितलं. इकोत ताकद ५२ टक्के. त्या दिवशी त्या एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालत आल्या, मधे एकदा थांबून. थांबल्या कशासाठी, दमानं की गुडघ्यानं, हे मी खोदून विचारलं. ‘गुडघ्यानं. दम न्हाई लागला.’ तरीही ईसीजी काढला. जुन्यासारखाच होता.

मिश्री तीन वेळांवरून एकावर आली आहे. ती एक काही सुटत नाही. ‘सकाळची लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई, डाक्टर.’ केसपेपरवर मी तसंच लिहिलं: मिश्री, रोज एकदा, सकाळी.